आजीला गप्प बसवल्यावर: अडीच वर्षांच्या मुलीच्या शाळाप्रवेशाचे एक प्रकरण

पार्श्वभूमी

हे प्रकरण पुण्यातील सिंहगड रस्ता परिसरातील एका कुटुंबाचे आहे. कुटुंबाच्या संमतीने ते येथे मांडले असून ओळख पटू शकेल असे तपशील बदलले आहेत. घरात चार माणसे: चाकणच्या एका कारखान्यात फिरत्या पाळीत काम करणारे वडील, पेठेतल्या एका पतसंस्थेत नोकरी करणारी आई, वडिलांची आई आणि नोव्हेंबरच्या अखेरीस जन्मलेली एकुलती एक मुलगी. आजी मूळच्या सातारा जिल्ह्यातील कोरेगाव तालुक्यातल्या. सुनेची बाळंतपणाची रजा संपली तेव्हा त्या पुण्यात आल्या आणि तेव्हापासून दिवसाचा बहुतेक वेळ मूल त्यांच्याच अंगाखांद्यावर वाढले. वडिलांची पाळी दर आठवड्याला बदलते; कंपनीची बस पकडण्यासाठी त्यांना पहाटे साडेपाचला घर सोडावे लागते किंवा ते रात्रपाळी करून सकाळी परततात आणि दुपारभर झोपतात.

मुलीचा जन्म नोव्हेंबरच्या अखेरचा, ही गोष्ट या प्रकरणात महत्त्वाची आहे. महाराष्ट्रात नर्सरीच्या प्रवेशासाठी ३१ डिसेंबरपर्यंत तीन वर्षे पूर्ण होत असावीत, असा निकष आहे. त्यामुळे जूनमध्ये वर्ग सुरू होतो तेव्हा जानेवारीत जन्मलेले मूल जवळजवळ साडेतीन वर्षांचे असते आणि वर्षअखेरीस जन्मलेले जेमतेम अडीच वर्षांचे. मोठ्या माणसांच्या हिशेबात दहा-अकरा महिने काहीच नव्हेत. अडीच वर्षांच्या मुलाच्या बाबतीत ते त्याच्या आजवरच्या आयुष्याच्या एक तृतीयांश होतात. हा निकष ‘याआधी घेऊ नये’ असे सांगतो, ‘याच वर्षी घातले पाहिजे’ असे सांगत नाही. पालक मात्र तो नेमका उलटा वाचतात आणि या कुटुंबानेही तो तसाच वाचला.

शाळा निवडली गेली ती चुलत दिराच्या मुलाकडे पाहून. तो वर्षभराने मोठा, त्याच शाळेत जाणारा, आणि पाहुण्यांसमोर ‘ए’ ते ‘झेड’ लिहून दाखवणारा. शाळा इंग्रजी माध्यमाची, वर्षाचे शुल्क आईच्या दोन महिन्यांच्या पगाराहून अधिक. प्रवेशद्वारावरच्या फलकावर ठळक अक्षरांत लिहिले होते की मेंदूची ८५ टक्के वाढ सहाव्या वर्षाआधी होते. हा आकडा राष्ट्रीय शैक्षणिक धोरण, २०२० मध्ये खरोखरच आहे. त्याच धोरणात लगेच पुढे असेही म्हटले आहे की या वयातले शिक्षण लवचीक, खेळावर, कृतीवर आणि मुलांच्या कुतूहलावर आधारलेले असावे. ते वाक्य फलकावर नव्हते.

प्रवेशाच्या वेळी पालकांना एक सूचना देण्यात आली: घरी शक्य तितके इंग्रजीच बोला. पुढे जे घडले, त्याचे मूळ बरेचसे या एका सूचनेत आहे.

अडचण कशी पुढे आली

जुलैच्या अखेरीस मुलीच्या डायरीत पहिला शेरा आला. ती वर्गात बोलत नाही, पेन्सिल धरत नाही, सूचनांना प्रतिसाद देत नाही, असा त्याचा आशय होता. गणपतीच्या सुट्टीनंतर दुसरा शेरा आला आणि त्यासोबत संध्याकाळच्या फोनिक्स (इंग्रजी अक्षरांचे उच्चार शिकवणाऱ्या) वर्गाचे माहितीपत्रक. सप्टेंबरच्या पालकसभेत शिक्षिकेने ‘वाढीत काही अडचण आहे का, एकदा दाखवून घ्या’ असे सुचवले. तोवर घरातही बदल दिसू लागला होता. सकाळी व्हॅनचा हॉर्न वाजला की मुलगी पलंगाखाली जाऊन बसे. आधी दिवसभर चुरूचुरू बोलणारी ती संध्याकाळी आईच्या प्रश्नांना मान हलवून उत्तर देऊ लागली.

ऑक्टोबरमध्ये आई आमच्या पालक-सल्ला केंद्रात आली, तेव्हा तिच्यापुढे एकच प्रश्न होता: ट्यूशन लावावी की शाळा बदलावी? मुलगी तेव्हा तीन वर्षांचीही नव्हती.

तपासणी आणि एका आठवड्याची नोंद

कोणताही सल्ला देण्याआधी कान तपासून घ्यावेत, असे सांगितले गेले. बोलणे कमी झालेल्या मुलाच्या बाबतीत ही पहिली पायरी असते, कारण थोडेसे ऐकू कमी येणारे मूल हट्टी, लक्ष न देणारे किंवा मंद समजले जाते आणि वर्षानुवर्षे तसेच राहते. बालरोगतज्ज्ञांनी वाढीचे टप्पे पाहिले, श्रवणचाचणी झाली; दोन्ही व्यवस्थित निघाले.

त्यानंतर आईला एक साधे काम देण्यात आले. घरात मुलीशी कोण, केव्हा आणि कशाबद्दल बोलते, याची आठवडाभर वहीत नोंद ठेवायची. ज्या बोलण्यात मुलगी काही म्हणाली, मोठ्या माणसाने त्याला धरून उत्तर दिले आणि त्यावर मुलगी पुन्हा काही म्हणाली, तेवढेच ‘संभाषण’ म्हणून मांडायचे. बाकीचे ‘सूचना’ या रकान्यात. वही भरून आली तेव्हा संध्याकाळच्या पानांवर सूचनाच सूचना होत्या. ये, बस, खा, लिही, हे काय सांडलेस, ‘से थँक्यू’. संभाषणाचा रकाना भरलेला होता तो दुपारी दोन ते चारच्या वेळेत, आणि ती नोंद आजींनी सांगितल्यावर आईने लिहिली होती.

नोंदीतून आणखी दोन गोष्टी उघड झाल्या. पहिली अशी की ‘घरी इंग्रजी बोला’ या सूचनेचे पालन आई-वडिलांना जमत नव्हते, म्हणून त्यांनी ते काम मोबाइलकडे सोपवले होते. जेवताना, व्हॅनची वाट पाहताना आणि झोपण्याआधी मिळून मुलगी रोज सुमारे तीन तास इंग्रजी बालगीतांच्या चित्रफिती पाहत होती. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये दिलेल्या मार्गदर्शनानुसार दोन ते चार वर्षे वयाच्या मुलांसाठी दिवसाला एक तास ही कमाल मर्यादा आहे, आणि त्याहून कमी असेल तर चांगलेच. दुसरी गोष्ट आईने जरा संकोचाने सांगितली. शाळा सुरू झाल्यावर तिने सासूबाईंना सांगितले होते, “आई, तिच्याशी ते हाय-न्हाई नका बोलू. शाळेत हसतात.” तेव्हापासून आजी सुनेसमोर नातीशी जवळजवळ बोलतच नव्हत्या.

मग एका दुपारी मी त्यांच्या घरी गेलो. कोरेगावहून वाघ्या घेवड्याच्या वाळलेल्या शेंगांचे पोते आले होते आणि आजी-नात खाली चटईवर शेंगा फोडत बसल्या होत्या. या घेवड्याच्या दाण्यावर लालसर रेघा असतात. मुलीने दाण्यांचे दोन ढीग केले होते. एका ढिगाकडे बोट दाखवून ती म्हणाली, “आज्जे, ह्यो वाघ हाय, ह्याला पट्टं हायत. ह्यो न्हाई वाघ, ह्याला पट्टंच न्हाईत.” आजी म्हणाल्या, “मग त्यो कोण म्हणायचा?” मुलीने रेघा नसलेला दाणा डोळ्यांजवळ धरून बराच वेळ पाहिला आणि सांगितले, “त्यो आंघोळ करून आलाय.”

शाळेच्या भाषेत सांगायचे तर या चार वाक्यांत वर्गीकरण आहे, नकार आहे, कारण देणे आहे आणि न दिसलेल्या घटनेची कल्पना आहे. दाणा चिमटीत धरणे हाही पेन्सिल धरण्याचाच पाया आहे. मनगटातली हाडे टणक व्हायला कित्येक वर्षे लागतात आणि बोटांतली ताकद आधी शेंगा, कणीक, माती, गाठी अशा कामांतून येते. डायरीत ‘प्रतिसाद देत नाही’ असा शेरा असलेली मुलगी ती हीच.

आईने शाळेची परवानगी काढून तासभर वर्गात बसून पाहिले. ३१ मुले, एक शिक्षिका, एक मावशी. ठिपके जोडून अक्षर गिरवण्याच्या कागदावर मुले बराच वेळ बसून होती. शिक्षिका रागीट नव्हती. एवढ्या मुलांचे कागद पुरे करून घेण्यातच तिचा वेळ संपत होता. त्या तासात तिने मुलीला तीनदा काही सांगितले आणि एकदाही काही विचारले नाही. आईने हे कोणतीही टिप्पणी न करता आम्हाला सांगितले, पण त्यानंतर ट्यूशनचा विषय तिने पुन्हा काढला नाही.

समोरचे पर्याय

पहिला पर्याय होता आहे त्या शाळेतच ठेवून संध्याकाळचा वर्ग लावण्याचा. वडिलांचा कल सुरुवातीला याकडे होता, कारण शुल्काचा मोठा भाग भरून झाला होता आणि शाळा तो परत देणार नव्हती. हा युक्तिवाद घरोघरी चालतो, पण भरलेले पैसे दोन्ही बाजूंनी गेलेलेच असतात. प्रश्न उरतो तो पुढच्या सात महिन्यांचा.

दुसरा पर्याय शाळा पूर्ण सोडून वर्षभर घरीच ठेवण्याचा. मुलीचे वय पाहता यात काहीच गैर नव्हते. अडचण एवढीच की आजींची पासष्टी उलटलेली, गुडघे दुखणारे, इमारतीत तिच्या वयाचे एकही मूल नाही, आणि वाट पाहणे, वाटून घेणे, भांडून पुन्हा खेळायला लागणे या गोष्टी एकट्या मुलाला कितीही प्रेमळ आजी शिकवू शकत नाही.

तिसरा पर्याय जवळच्या अंगणवाडीचा. एकात्मिक बालविकास सेवा योजना २ ऑक्टोबर १९७५ रोजी सुरू झाली आणि तीन ते सहा वयाच्या मुलांचे अनौपचारिक पूर्वप्राथमिक शिक्षण हा तिच्या सहा सेवांपैकी एक भाग आहे; आहार, लसीकरण, आरोग्य तपासणी, संदर्भ सेवा आणि आरोग्य-पोषण शिक्षण या उरलेल्या पाच. आई तिथेही जाऊन आली. सेविका अनुभवी आणि मुलांशी गोड बोलणारी होती, पण खोली एकच, शिवाय त्या सकाळी वजने घेणे, नोंदवह्या भरणे आणि आहारवाटप यांत तिचा बराच वेळ गेला. खरे सांगायचे तर हा पर्याय मागे पडला तो या कारणाने नव्हे. “आपल्यातलं कुणी तिथे पाठवत नाही,” हे वडिलांचे वाक्य निर्णायक ठरले. ज्या शहरात पालक बालवाडीसाठी कर्ज काढतात, तिथे दोन गल्ल्यांपलीकडची मोफत सेवा न तपासताच नाकारली जाते, याची नोंद करायला हवी.

चौथा पर्याय एका शिक्षणसंस्थेच्या मराठी माध्यमाच्या बालवर्गाचा. वेळ सकाळी तीन तास, २२ मुलांमागे दोन ताई आणि एक मदतनीस, लेखन नाही, गृहपाठ नाही. दिवाळीनंतर तिथे एक जागा रिकामी होत होती. वडिलांचे आक्षेप दोन: इंग्रजीचे काय, आणि मुलगी अक्षरेच शिकली नाही तर पुढे प्रवेश कसा मिळणार?

याच टप्प्यावर वडिलांनी सरळ विचारले की लहान वयातल्या शाळेचा पुढे काही उपयोग होतो, याला आधार तरी काय. प्रश्न रास्त होता, म्हणून तीन अभ्यास त्यांच्यासमोर ठेवले. अमेरिकेत मिशिगन राज्यातील यप्सिलँटी येथे १९६२ ते १९६७ या काळात झालेल्या पेरी बालवाडी प्रयोगात गरीब कुटुंबांतील १२३ मुले होती. त्यांपैकी ५८ मुलांना रोज अडीच तासांची बालवाडी मिळाली आणि शिक्षिका दर आठवड्याला दीड तास घरी जाऊन आईसोबत बसत असे. बुद्ध्यांकातली आघाडी काही वर्षांत ओसरली, पण चाळिशीपर्यंत पाठपुरावा केल्यावर या गटाचे शालेय शिक्षण पूर्ण होण्याचे प्रमाण आणि कमाई जास्त, आणि अटकेचे प्रमाण कमी आढळले. जमैकात १९८६-८७ मध्ये सुरू झालेल्या अभ्यासात तर बालवाडी नव्हतीच. वाढ खुंटलेल्या १२९ लहान मुलांपैकी काहींच्या घरी आरोग्यसेविका दोन वर्षे दर आठवड्याला तासभर जात आणि आईला मुलाशी खेळायला, बोलायला प्रोत्साहन देत, तेही बरेचसे घरातल्याच वस्तूंच्या खेळण्यांनी. वीस वर्षांनी त्या मुलांची कमाई तशा भेटी न मिळालेल्या मुलांपेक्षा सुमारे २५ टक्क्यांनी अधिक होती. याउलट टेनेसी राज्याच्या सरकारी बालवाडी योजनेचा २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यास सांगतो की त्या बालवाडीत गेलेली मुले सहावीपर्यंत, न गेलेल्या मुलांच्या तुलनेत मागे पडली. त्याच्या कारणांविषयी मतभेद आहेत. आमच्यापुरता अर्थ इतकाच की बालवाडीचे मोल तिच्या पाटीत नसते. आत मुलाशी कोण कसे बोलते, आणि घर त्यात सामील आहे की बाहेर उभे आहे, यावर ते ठरते. या कुटुंबाने घराला, म्हणजे घरातल्या सर्वांत बोलक्या माणसाला, बाहेर उभे केले होते.

निर्णय

निर्णयाची बैठक त्यांच्याच घरी झाली आणि आजींना तीत बसवावे, असा आग्रह धरला. त्या स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या. आत बोलावल्यावर त्यांचे पहिले वाक्य होते, “मला काय शिकवाय येतंय? मी चौथी शिकलेली.” या प्रकरणातली सर्वांत अवघड गाठ हीच होती. सून त्यांना कमी लेखत होती असे म्हणणे सोपे आहे, पण त्या स्वतःच स्वतःला शिकवणारी समजत नव्हत्या, आणि दुपारच्या गप्पा म्हणजे पोरीला गुंतवून ठेवणे एवढेच, असे त्यांचेही मत होते.

त्यांना आठवड्याची वही वाचून दाखवली. दुपारच्या पानांवर मुलीची लांब वाक्ये आणि संध्याकाळच्या पानांवर एकेका शब्दाची उत्तरे. ती वही वडिलांनी हातात घेऊन दोनदा चाळली. त्यानंतर चर्चेचा रोख ‘कोणती शाळा’ यावरून ‘दिवसाचे तास कसे वाटायचे’ याकडे वळला, आणि चौथा पर्याय बऱ्याच सहजपणे मान्य झाला.

इंग्रजीबाबत वडिलांचे समाधान पूर्ण झाले नाही. पायाभूत स्तरासाठीचा राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखडा ऑक्टोबर २०२२ मध्ये आला आणि तो मातृभाषेवर भर देतो, घरात पक्की झालेली भाषा दुसरी भाषा शिकायला आधार देते, हे त्यांनी ऐकून घेतले. पण पहिलीला सेमी-इंग्रजी हवेच, ही अट त्यांनी कायम ठेवली. तो निर्णय तीन वर्षांनंतरचा होता, म्हणून त्यावर तेव्हा वाद घालण्यात अर्थ नव्हता.

वयाचा मुद्दा जास्त ताणला गेला. नव्या बालवर्गात मुलीला सर्वांत लहान गटात घ्यावे आणि जूनमध्ये पुन्हा त्याच गटात ठेवावे, म्हणजे ती आपल्या वयाच्या मुलांबरोबर येईल, असे सुचवले होते. वडिलांच्या दृष्टीने हे ‘वर्ष वाया जाणे’ होते. आईने इथे ठामपणे होकार दिला आणि तो टिकला.

काय केले

शाळाबदल दिवाळीनंतर झाला. पहिले काही दिवस आजी वर्गाच्या व्हरांड्यात बसत. ताईंनी त्यांना नुसते बसू न देता भाजी निवडण्याच्या कोपऱ्यात चार मुले सोबत दिली. हा ताईंचा स्वतःचा विचार होता आणि माझ्या मते सगळ्या प्रकरणातला सर्वांत हुशार निर्णय होता: मुलीला दिसले की घरातले माणूस शाळेतही चालते, तिच्या बोलीसकट.

बोलीबद्दल ताईंनी एक धोरण ठेवले. मुलगी ‘पानी पायजे’ म्हणाली तर दुरुस्ती करायची नाही. “हो, पाणी पाहिजे ना, हे घे,” असे उत्तर द्यायचे. प्रमाणभाषा कानावर पडत राहते आणि मूल गप्प होत नाही. घरी आईनेही हेच करायचे ठरवले. तिला ते जड गेले, कारण सासरच्या बोलीची लाज तिला स्वतःच्या ऑफिसातल्या अनुभवांतून आलेली होती.

घरासाठी वेगळी साधने आणली नाहीत. बोर्डी आणि कोसबाडला बालशिक्षणतज्ज्ञ ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी आदिवासी मुलांसाठी बालवाडी त्यांच्या अंगणात नेली, तेव्हा आसपासची पाने, बिया, शंख-शिंपले हीच साधने होती. सिंहगड रस्त्यावरच्या सदनिकेत घेवडा, कणीक, मापटी, कपड्यांच्या चिमट्या आणि धुण्याची बादली होती. आजींना फक्त एक सवय लावून घ्यायला सांगितले: प्रश्न विचारल्यावर थांबायचे. मुलाला उत्तर जुळवायला मोठ्यांना वाटते त्याहून बराच जास्त वेळ लागतो, आणि तेवढ्यात आपणच उत्तर देऊन मोकळे होतो.

मोबाइल जेवणातून आधी काढला, कारण तिथे आजी सोबत असत. झोपण्याआधीचा मोबाइल काढणे वडिलांवर सोपवले. त्यांना गोष्टी येत नव्हत्या, वाचून दाखवायला अवघडल्यासारखे होई. तेव्हा त्यांनी कारखान्यात आज काय झाले तेच सांगावे, असे ठरले. कन्व्हेयर बंद पडला, मग काय केले, कोण आले. मुलीला ही गोष्ट इतकी आवडली की ती ‘पट्टा बंद पडला’ रोज सांगायला लावू लागली. दिवस पाळीच्या आठवड्यात हे नीट चाले.

सुट्टीच्या दिवशी महागड्या मॉलऐवजी पीएमपीच्या बसने मंडईत किंवा पेशवे उद्यानात फुलराणी या छोट्या आगगाडीत बसायला जावे, आणि परत आल्यावर मुलीने आजींना सगळे सांगावे, एवढी एकच अट घातली. आजींना मुद्दाम घरी ठेवण्याचे कारण हे की त्यांना खरोखरच माहीत नसे, आणि ज्याला माहीत नाही त्याला सांगताना मूल क्रमाने, तपशिलाने बोलते.

परिणाम

डिसेंबर संपता संपता मुलगी ताईंशी बोलू लागली, आधी कानात, मग मोठ्याने. जानेवारीत तिने वर्गात घेवड्याच्या वाघांची गोष्ट सांगितली. पलंगाखाली लपणे त्याआधीच थांबले होते. पुढच्या जूनमध्ये ती त्याच गटात राहिली आणि आपल्या वयाच्या मुलांत मिसळली. मोठ्या गोलात बसून गाणी म्हणायला मात्र ती अजूनही फारशी राजी नसते, आणि तसे असायला हरकत नाही. कात्रीने कापते, मण्यांची माळ ओवते, दहापर्यंतच्या वस्तू मोजून देते. पेन्सिल तिने आपणहून उचलली ती दुकानाची यादी ‘लिहिण्यासाठी’. त्या यादीत रेघोट्या होत्या, पण प्रत्येक रेघोटीला वस्तू ठरलेली होती. चुलत भाऊ तेव्हा इंग्रजी वाक्ये लिहीत होता आणि दोघांची तुलना घरात अजून होते.

सगळे सुरळीत झाले नाही. पुढच्या सप्टेंबरमध्ये घेवडा काढणीसाठी आणि नंतर धाकट्या लेकीच्या बाळंतपणासाठी आजी कोरेगावला गेल्या आणि दिवाळी झाल्यावरच परतल्या. त्या काळात दुपारी शेजारच्या पाळणाघराची सोय केली, तिथे टीव्ही चालू असे. जेवणातला मोबाइल परत आला, मुलगी चिडचिडी झाली आणि वर्गातले तिचे बोलणेही काही आठवडे कमी झाले. आजी परतल्यावर घडी पुन्हा बसली, तरी वडिलांच्या रात्रपाळीच्या आठवड्यात झोपण्याआधीचा मोबाइल आजही सुरूच असतो.

वेगळे काय करता आले असते

प्रवेशाआधी वर्गात तासभर बसून पाहणे ही गोष्ट सर्वांत स्वस्त आणि सर्वांत कमी केली जाणारी. आईने ऑक्टोबरमध्ये जे पाहिले ते तिला मार्चमध्येही दिसले असते. अर्थात शाळा परवानगी देतेच असे नाही. पण नकार हीही माहितीच आहे.

वय हा दुसरा मुद्दा. मुलीला वर्षभर उशिरा घातले असते तर यातला बराचसा त्रास झालाच नसता, असे मला वाटते. मात्र नुसते उशिरा घालून भागले नसते, कारण ‘घरी इंग्रजी बोला’ ही सूचना साडेतीन वर्षांच्या मुलीच्या घरातही तेच करून गेली असती. शाळेने पालकांना ही सूचना देताना घरात कोण आहे, मूल दिवसभर कोणाजवळ असते, एवढे विचारले असते तरी पुरे होते. डायरीतल्या शेऱ्याऐवजी एक फोन करून ‘घरी ती बोलते का’ हा एक प्रश्न शिक्षिकेने जुलैत विचारला असता, तर उत्तर ‘हो, खूप’ असे आले असते आणि तपास तेव्हाच योग्य दिशेने सुरू झाला असता.

शाळा ऑक्टोबरमध्येच न बदलता दिवाळीपर्यंत थांबावे की नाही, यावर घरात मतभेद होते. मुलीला त्या काही आठवड्यांत आणखी त्रास झाला, हे खरे. पण आजींची तयारी, नोंदवहीवरची चर्चा आणि वडिलांचा होकार याच काळात झाला, आणि तो नसता तर नव्या शाळेतही जुनेच घर गेले असते.

सर्वांत मोठी उणीव आजींवरच्या एकहाती भिस्तीची. योजना एका माणसावर उभी होती, आणि ते माणूस शेतीच्या हंगामात गावी जाणार हे सगळ्यांना ठाऊक होते. ऑगस्टमध्येच पाळणाघराच्या ताईंशी बोलून दुपारचा तासभर टीव्ही बंद ठेवण्याची व्यवस्था, आजींशी रोज फोनवर दिवसभराचे सांगण्याची वेळ, आणि रात्रपाळीच्या आठवड्यात वडिलांची गोष्ट सकाळी परतल्यावर, अशी तजवीज करता आली असती. यंदा यातल्या पहिल्या दोन गोष्टी ठरल्या आहेत.

पुढचा प्रश्न पहिलीच्या माध्यमाचा आहे. वडिलांनी सेमी-इंग्रजीच्या दोन शाळा पाहून ठेवल्या आहेत. अर्ज भरण्याआधी दोन्हींकडे वर्गात तासभर बसून पाहायचे, असे या वेळी त्यांनीच सुचवले. एका शाळेने होकार दिला आहे, दुसरीने अजून कळवलेले नाही.